नोराआजींची किल्ली

आयर्लंडमधल्या आमच्या डून लेरीहून रेल्वेने कुठेही जायचं असलं, अगदी तीन स्टेशनांवरच्या बहिणीकडेसुद्धा, की शेजारच्या नोराआजी आधी आमचं दार वाजवायच्या. एका हातात घराची किल्ली, दुसऱ्या हातात बंद पाकीट. दोन्ही माझ्या हवाली करून ताठ मानेने स्टेशनकडे निघायच्या आणि संध्याकाळी येऊन परत घ्यायच्या.

पहिल्यांदा मी चक्रावलोच. मग त्यांनी सांगितलं. इथे वाफेची गाडी नवी होती तेव्हा त्यांच्या आजीची आजी डब्लिनला निघाली होती. एवढ्या वेगात छातीत श्वास टिकत नाही, बॉयलर फुटून माणसांच्या चिंधड्या उडतात, असं गावभर बोललं जात होतं. म्हणून बाईंनी आपल्यामागे काय करायचं ते लिहून किल्लीसकट शेजारणीकडे ठेवलं, आणि मगच गाडीत पाय टाकला. त्या सुखरूप परतल्या. रीत मात्र घरात राहिली. नोराआजींच्या पाकिटातही तेच होतं. मांजर कुणाला द्यायचं, कुणाला कळवायचं, शवपेटी नेताना कोणतं गाणं म्हणायचं.

मी नागपूरचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. गप्प बसवत नाही. "आजी, ही गाडी विजेवर चालते. बॉयलर आहेच कुठे?"

"बॉयलर कुठेतरी असतोच, बाळा. दिसत नाही, एवढंच."

मी हसायचो. माझी बायको मृणाल डोळे वटारायची आणि पाकीट कपांच्या मागे जपून ठेवायची.

मग २०२० उजाडलं आणि गाड्या रिकाम्या धावू लागल्या. डब्यात शेजारच्याच्या श्वासाची लोकांना भीती वाटू लागली. नोराआजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "माझ्या आजीची आजी चुकली नव्हती. जरा लवकर घाबरली, इतकंच." वर्षभर त्या गाडीत बसल्या नाहीत. किल्ली आमच्याकडे आली नाही, याचं मला बरंच वाटलं. मूर्ख मी.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या दारात अँब्युलन्स आली. दोन शब्दांतच त्यांना धाप लागत होती, तरी चालत बाहेर आल्या. हात रिकामे होते. मला राहवलं नाही. फाटकातूनच विचारलं, "आजी, किल्ली? पाकीट?"

त्या मास्कमागे हसल्या. "ते रेल्वेसाठी रे. हे काय... ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक, काळजी नको.

इतकी वर्षं त्या पाकिटाला हसलेला माणूस आग्रह कुठल्या तोंडाने करणार? दार लागलं, गाडी गेली.

आठव्या दिवशी त्या गेल्या. मुलगी ऑस्ट्रेलियात अडकलेली. तिने फोनवर विचारलं, आईला कोणतं गाणं हवं होतं, पाकीट तुमच्याकडेच असेल ना? मी नाही म्हणालो. पाकीट कुलूपबंद घरात होतं आणि किल्ली हॉस्पिटलने बांधून ठेवलेल्या सामानात. शवपेटी आमच्या रस्त्यावरून गेली तेव्हा सगळे आपापल्या फाटकाशी उभे होते. कुणीच काही गायलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

पुढे शरद ऋतूत ऑफिस उघडलं. इतक्या दिवसांनी मी रेल्वेने निघालो. मृणाल घरातच होती, तरी किल्ली घेतली. आणि एक पाकीट. ते मी आदल्या दुपारी तिच्या नकळत लिहिलं होतं. नोराआजींच्या दारापर्यंत गेलो, दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.

घ्यायला कुणी नव्हतं. माझी गाडी येऊन गेली.