धनेशाच्या ढोलीखाली ऐकलेली हाक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, अमावस्येला नखं कापली, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हटलं. पण या सदरातले तुमचे अनुभव वाचून वाटलं, आपलाही लिहून टाकावा... हसायचं असेल तर खुशाल हसा.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी बी.एस्सी.ला होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत वसईला मामाकडे राहिले होते. मामाची केळी-नारळ-सुपारीची वाडी, पण वेड मात्र पक्ष्यांचं. त्या साली त्याला तुंगारेश्वरच्या डोंगरात धनेशाचं घरटं सापडलं. साधा राखी धनेश नव्हे — तो मोठा काळा-पांढरा, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा. आमच्याकडे तो दिसणंच मुश्कील, घरटं तर मामाने जन्मात पाहिलं नव्हतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद करून घेते. उरते फक्त एक फट. नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून तिला नि पिल्लांना भरवतो. नराचं काही बरंवाईट झालं, की आतल्यांचे हाल कुत्रा खात नाही.

त्या रविवारी आम्ही एस.टी.ने डोंगराच्या पायथ्याशी सातिवलीला उतरलो आणि ओढ्याकाठाने वर चढून घरटं असलेल्या त्या जुन्या बेहड्याच्या झाडाखाली बसलो. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं... नराचा पत्ता नाही. वाटेत एका बाईने सांगितलं होतं, काल रानात बंदुकीचा बार झाला म्हणून. मामाला बसवेना.

"बाय, त्याला मारला कोनीतरी. आत पोरं उपाशी हायत. मी ती भिंत फोडतो."

"मामा, तुझा हात आत्ता कुठे बरा झालाय! मामीला काय सांगशील?"

आदल्या वर्षी तो माडावरून पडला होता, आणि पुन्हा चढायचं नाही अशी मामीने त्याला शपथ घातली होती.

"तिला कोन सांगतंय? तू?"

पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि हा निघाला सुपारीवर चढावं तसा. वाडीतल्या माणसाची चूक झाली ती इथेच. माडाला, सुपारीला फांद्या नसतात, त्यामुळे कुठली फांदी जिवंत आणि कुठली आतून पोकळ हे बघायची त्याला सवयच नव्हती. ढोलीच्या शेजारच्या जाड फांदीवर तो आरामात बसला, फास सोडला आणि कोयता काढला.

तेवढ्यात हाक आली.

"भालचंद्रऽऽ!"

मामीचा आवाज. अगदी जवळून, शेवटाला फाटलेला. मी उठून उभीच राहिले. मामी इथे? आणि मामाचं नाव घेऊन? लग्नाच्या उखाण्यानंतर मामीच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं. "अहो"सुद्धा ती भिंतीकडे बघून म्हणायची.

मामाच्या हातून कोयता सुटला. "घरी काय झालं असंल?" म्हणत तो सरसर खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागले, आम्ही ओढ्याकडे चार पावलं गेलो असू... आणि मागे कडाड्कन आवाज झाला. ती फांदी बुंध्यापासून तुटून खाली दगडांवर आदळली.

धुरळा बसतोय तोच वरून जड पंखांचा सूऽऽ सूऽऽ आवाज आला. नर! कुठे उलथला होता देव जाणे. ढोलीला बिलगला आणि एकेक उंबर काढून आत देऊ लागला. आतून चोच आली. मला रडूच फुटलं. ती भिंत फोडली असती तर काय करून बसलो असतो, या विचाराने मामाने कपाळावर हात मारून घेतला.

मामी मात्र कुठेच नव्हती. धावतपळत खाली आलो, पण एस.टी. लवकर मिळेना; घर गाठलं तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि बाईसाहेब ओट्यावर निवांत वाल सोलत होत्या. दिवसभर वाडीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. जीव भांड्यात पडला. त्या आनंदात मी बोलून गेले, "बरं झालं मामा वेळेवर उतरला, फांदी तुटली ना!"

मामीच्या मांडीवरचं सूप पडलं.

"भालचंद्रऽऽ!"

तोच आवाज. शेवटाला तसाच फाटलेला. दुपारी डोंगरात आम्ही दोघांनी ऐकलेली हाक मामीने मारली ती आत्ता, तिन्हीसांजेला. मामा पांढराफटक पडला. मामी पदरात तोंड घालून रडत होती आणि मधूनच त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. तो मुकाट खात होता.

त्या ढोलीतून पुढे दोन पिल्लं सुखरूप उडाली. मी आजवर खूप डोकं खाजवलं. भास म्हणावं तर दोघांना एकदम कसा? पक्ष्याचा आवाज म्हणावं, तर धनेश खरखर करतो, माणसाचं नाव घेत नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही मामीला दुपारचं सगळं सांगितलं. तिने मामाच्या पानात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "हाक पोचली ना वेळेवर? मग झालं."