कौलं नेमकी कुणाला हवी होती?

"मॅडम, तुम्ही फक्त एवढंच सांगा, की टेक्निकली पॉसिबल नाही."

फोनवर अनिरुद्ध सामंत होता. जयपूरच्या सीतापुऱ्यात नोकरी, प्रताप नगरात भाड्याचं घर. चाकसूच्या अलीकडे प्लॉट घेऊन त्याने स्वतःचं घर बांधायला काढलं होतं आणि मी त्या घराची इंजिनिअर. भिंती वरपर्यंत आल्या होत्या. आता छताचं ठरवायचं होतं.

"काय पॉसिबल नाही?"

"कौलं. नानांना कोकणातल्यासारखं उतरतं छप्पर हवंय. मतलब, मला नकोय. सोलर कुठे लावू? पण वडील गाव सोडून कायमचे इथे येतायत, मी नाही कसं म्हणू? तुम्ही म्हणा."

आमच्या धंद्यात हे नेहमीचं. घरात कुणालाच वाईट व्हायचं नसतं, मग इंजिनिअरला पुढे करतात. खरं सांगायचं तर कौलांना खाली कैच्या लागतात, म्हणजे त्रिकोणी सांगाडे. सपाट स्लॅबला सळ्या आणि काँक्रीट. जयपुरात दोन्ही होतं. इथल्या धुळीच्या आंधीत कौलं सरकतात, राहिलेली माकडं सरकवतात. पण पॉसिबल नाही म्हणणं ही शुद्ध थाप.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा, वैदेहीचा फोन. "मॅडम, अनिरुद्धला कळू देऊ नका. मला गच्ची हवीय. पण नानांचा जीव कौलांत अडकलाय. सुनेने नाही म्हटलं तर कसं दिसेल? तुम्हीच काहीतरी टेक्निकल सांगा ना."

दुसऱ्या दिवशी खुद्द नाना. मुलाकडे मुक्कामाला आले होते, बागेत फिरायला म्हणून बाहेर पडून तिथून बोलत होते.

"बाय, अनिरुद्धाला कौलांची भारी हौस. त्याचं मन मोडू नकोस, पण इंजिनिअरिंगचं काहीतरी कारण काढ आणि बंद पाड. कौलं बसली तर मी आपला कुडाळातच बरा. हे मात्र त्याला सांगायचं नाही."

"पण नाना, कौलांचा विषय काढला कुणी?"

"मीच. पहिल्या भेटीत तुला विचारलं ना, इथे कौलं मिळतात का? तुझ्याशी बोलायला काहीतरी विषय नको? तेव्हापासून अनिरुद्ध कौलं कौलं करतोय."

फोन ठेवून मी पोट धरून हसले. मग राग आला. तिघांनाही एकच हवं, तिघेही एकमेकांसाठी गप्प, आणि वाईटपणा माझ्या गळ्यात. आणि या भिडेपायी म्हातारा खरंच गावी निघून गेला असता.

रविवारी साइटवर मीटिंग. तिघे सामंत, मी आणि ठेकेदार रामावतारजी. मी ड्रॉइंग पसरलं.

"खूप विचार केला. सपाट स्लॅब काय, सगळ्यांचेच असतात. आपण कौलंच घालू."

तिघांचे चेहरे पडले.

"पण मॅडम, टेक्निकली..." अनिरुद्ध चाचरला.

"एकदम पॉसिबल!"

"माकडं?" वैदेही म्हणाली.

"त्यांनाही आवडतील." मी रामावतारजींकडे वळले. "मंगलोर टाइल्स का देखिए ज़रा."

"अभी देखता हूँ, मैडमजी," म्हणत ते मोबाईल घेऊन बाहेर गेले.

"नाना, खूश ना?" अनिरुद्धने पडेल आवाजात विचारलं.

"तू खूश तर मी खूश."

मग मी शेवटची काडी टाकली. "आणि पावसाआधी कौलं परतायला नाना आहेतच." परतायची म्हणजे उतरवून, झाडून पुन्हा बसवायची.

नाना उसळले. "माका गच्ची व्हयी! जन्मभर त्या कौलांवर चढलो, आता मुलाच्या घरीही चढू? गेल्या संक्रांतीला इथे आलो, तर अख्खी गल्ली गच्चीवर होती. आमच्या गच्चीला घरमालकाचं कुलूप! मी खालून मान मोडेस्तोवर दुसऱ्यांचे पतंग बघत बसलो."

"मग बोलला का नाहीत?" अनिरुद्धचे डोळे भरले होते.

"तू तरी कुठे बोललास?"

वैदेही आधी हसली, मग सगळेच. मला फार बरं वाटलं. सपाट स्लॅब ठरला, ऊन परतवायला वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेले.

सकाळी रामावतारजींचा फोन. "मैडमजी, माल उतरवा दिया."

"कौनसा माल?"

"टाइल्स. आपने ही तो बोला था."

ते बाहेर गेले ते थेट ऑर्डर देऊनच आले होते, आणि नंतरचा सगळा तमाशा मराठीत झाला होता. दुकानदार माल परत घेईना. सामंतांकडे पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

नाना जयपुरातच राहिले. संक्रांतीला त्यांनी स्वतःच्या गच्चीवरून शेजाऱ्यांचे पतंग कापले. कौलं माझ्या ऑफिसच्या पार्किंगवर बसली आहेत. क्लायंटची फिरकी घ्यायची असेल तर ठेकेदाराला आधी चहाला पाठवावं, एवढं मी शिकले.

यंदा पावसाआधी माकडांनी निम्मी कौलं विस्कटली. मजूर मिळेना, म्हणून मीच शिडी लावली. नाना खाली खुर्ची टाकून सूचना द्यायला हजर.

"नाना, नाही हो जमत मला हे."

"असं कसं, बाय? एकदम पॉसिबल!"