चुंबकापाशी राहिलेला गुरुलिंग

आमचा गुरुलिंग म्हणजे माझ्या चुलत्याचा एकुलता एक. मुरुम गावचा शास्त्रज्ञ म्हणून लोक कौतुक करतात, माझं मात्र डोकं फिरतं. बहात्तरच्या दुष्काळात सारं गाव खडी फोडत व्हतं, तवा हा बॅटरीतले मेलेले सेल फोडून आत काय हाय ते बघत बसायचा. शिकत शिकत बंगळूरला गेला अन् तिथलाच झाला.

काम काय, तर बॅटरीच्या आत दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा असतो, त्यातनं कण कसे सरकतात ते कपाटाएवढ्या विजेच्या चुंबकात ठेवून तपासायचं. कागदावर नुसत्या रेघा उमटतात. खोलीत दुसरं माणूस न्हाई. "चुंबक बंद करता येत न्हाई," हे त्याचं पालुपद. माझ्या लग्नाला तेच. एक्याऐंशी साली चुलते वारले, म्या सोसायटीतलं काम टाकून तार केली, तवाबी तेच. शेवटी माती म्या दिली.

चुलतीनं, इरम्मानं, कधी बोल लावला न्हाई. "मशीनच तसलं, त्यो तरी काय करंल?" म्हणायची. दोन वर्षांनी म्हणाली, "शिवशरण, माझ्या लेकराला कशानं बांधून ठेवलंय ते एकदा डोळ्यांनी बघू दे."

गेलो. गुरूनं चुंबकाच्या खोलीच्या दारातच अडवलं. आत लोखंड चालत न्हाई, अन् चुलतीच्या मनगटात लोखंडी कडं. तो लहानपणी तापानं फणफणला व्हता, तवा त्याच्या जिवासाठी नवसानं घातलेलं.

"काढ की, अव्वा," तो आईला म्हणाला.

"तू जिता हायस तवर न्हाई निघायचं."

माझं टाळकं सटकलं. "दोन दिस एस.टी.त हाडं खिळखिळी करून आली ती! उंबऱ्यातनं माघारी धाडतोस व्हय रं?"

लई वाळला व्हता तो. टेबलावर एकच कप, एकच ताट. एवढ्या शहरात ह्याला जेवलास का म्हणणारं कुणी न्हाई.

मग तो भिंतीपाशी गेला, एक बटन हळूहळू फिरवत शून्यावर आणलं. घरघर थांबली.

"ये, अव्वा."

चुलती आत गेली. चुंबकावरनं हात फिरवला. बटनाकडं बघितलं, मग लेकाकडं.

"एवढंच करायचं असतंय व्हय?"

"व्हय. पुन्हा नीट लागायला दोन दिस जातात."

"मंग तुझा बाप गेला तवा..."



"तवाबी बंद करता येत व्हतं, अव्वा," गुरू म्हणाला. "म्याच केलं न्हाई."