बर्फातलं इंजेक्शन

श्रीवर्धनच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. सत्तरीचा, जन्मभर मासळी विकलेला. मांडीवरच्या थर्माकोलच्या डब्याचं झाकण सारखा चाचपत होता. दोघांनाही प्रोस्टेटचा कॅन्सर. शरीरातलं पुरुषी हार्मोन दाबलं की गाठ वाढत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. माझं पहिलं, त्याचं तिसरं.

"घाबरू नका," तो म्हणाला. "फकस्त थंड ठेवा. बर्फात घातलेलं काय नासत न्हाय."

सिस्टरनी त्याच्या डब्यातल्या बर्फातून इंजेक्शन काढलं. ते पार गोठलं होतं.

"बाबा, फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, गोठवायचं नाही. हे वाया गेलं. आधीची दोन कुठे घेतलीत?"

"गावातल्या डॉक्टरकडं. तीबी बर्फातच ठेवली व्हती."

सिस्टरनी त्याचे कागद पुन्हा उघडले. मग म्हणाल्या, "रक्त तपासावं लागेल."

त्याचा हात झाकणावरच राहिला. "म्हंजे सहा महिने रोग आत मोकळाच व्हता?" त्याने विचारलं ते मला, सिस्टरना नाही.

माझ्या पिशवीतल्या डब्यातही इंजेक्शन सकाळपासून बर्फातच होतं, आणि आता सिस्टर माझं नाव पुकारत होत्या.