माझ्या वाटणीच्या अर्ध्या चहाबाबत

अर्जदार : मी स्वतः, मामलतदार कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडून अर्ज लिहून देणारा, मूळ खानदेश, हल्ली मुक्काम पर्वत पाटिया, सुरत. विरुद्ध : व्हिएन्ना नावाचे शहर, खंड युरोप. घटनेचा काळ : मागची दिवाळी ते होळी. साक्षीदार : एक, कचेरीच्या फाटकातला चहावाला, दोन, माझी पत्नी, जी सदर प्रकरणातील गृहस्थांची मेहुणी असल्याने त्यांच्याच बाजूने बोलते.

सदर गृहस्थ म्हणजे माझे साडू. एकटेपणाला त्यांच्याइतका भ्यालेला माणूस उभ्या सुरतेत झाला नाही, हे मी शपथेवर लिहून देण्यास तयार आहे. सारी हयात लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे असेल, पण शेजारी माणूस नसला की त्यांना आपण स्वतःही तेथे आहोत याची खात्री वाटत नसे. न्हाव्याकडे ते दाढीला बसले की शेजारच्या खुर्चीवर मी विनाकारण बसलेला असे. दाढ काढायच्या दिवशी त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, आणि माझा चेहरा इतका वेदनाग्रस्त झाला, की डॉक्टरने प्रथम मलाच आ करायला लावला. चपला घेताना उजवी ते घालीत आणि डावी मला घालायला लावीत. मग आम्ही दोघे दुकानभर लंगडत फिरून जोड पसंत करीत असू. एकदा चलथाणला साखरपुड्यासाठी निघालो असता गर्दीत मी बसखाली राहिलो आणि ते वर चढले. पुढच्याच थांब्यावर उतरून, नव्या धोतराची पर्वा न करता, ते मला शोधत धुळीतून परत आले. साखरपुडा आमच्यावाचून उरकला. "साडूभाऊ, एखलं जावाले करमस नही," एवढेच त्यांनी स्पष्टीकरण दिले. एकट्याने जायला करमत नाही. यापुढे कायद्याचे काही चालत नाही.

परंतु मुख्य मुद्दा चहाचा आहे. सुरतेत अर्ध्या चहाला अडधी म्हणतात आणि पूर्ण चहाला आखी. रोज दुपारी चार वाजता साडूभाऊ माझ्या टेबलापाशी येत, आणि चहावाला न विचारता एक आखी व दोन पेले आणून ठेवी. ओतण्याचा अधिकार त्यांचा. दोन्ही पेले डोळ्यांच्या पातळीवर धरून ते असा न्याय करीत, की तसा न्याय मी आतल्या कचेरीत कधी होताना पाहिला नाही.

अशा माणसाला त्यांच्या लेकीने बाळंतपणासाठी सपत्नीक व्हिएन्नाला बोलावून घेतले. घर दोन खोल्यांचे. जावई कामावर. बाळंतिणीला ओव्याची धुरी दिली तर छताला लावलेली धुराची घंटा वाजून सगळी इमारत जिन्यात गोळा झाली. त्या गोंधळात साडूभाऊ सर्वांच्या पायांत आले. त्यांच्या पत्नीने त्याच दिवशी निकाल दिला : "बाळंतीणनी खोलीमा माणसासनं काय काम? दुपारलोंग बाहेर फिरी या." दुपारपर्यंत बाहेर राहण्याचा तो निकाल हिवाळा संपेपर्यंत अमलात राहिला.

तेव्हा सदर इसम कानटोपी, दोन स्वेटर व जावयाचा लांब कोट घालून एकटे राजवाडे बघू लागले. प्रत्येक पुतळ्याला ते प्रदक्षिणा घालीत, कारण देव कोणता आणि राजा कोणता हे सांगायला शेजारी कोणी नव्हते. मोठ्या चर्चच्या दारात बूट काढून ते बर्फावर मोज्यांनी उभे राहिले, तेव्हा एका म्हातारीने हाताला धरून त्यांना पुन्हा बूट घालायला लावले. "रागावली माझ्यावर," ते मला म्हणाले. "बरं वाटलं. कोणीतरी बोललं."

थंडी असह्य झाली की ते एका कॉफीच्या दुकानात शिरत. तेथे माणसे तासन्‌तास एकेकटी बसतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही, हे त्यांना अघोरी वाटले. कॉफीसोबत पाण्याचा छोटा पेला येई. साडूभाऊ पाणी पिऊन टाकीत आणि त्या पेल्यात अर्धी कॉफी मोजून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवीत. काळ्या कोटातल्या वेटरने खुणेने विचारले, कोण येणार? यांनी खुणेनेच सांगितले, येतोय. पुढे पुढे तो वेटर न सांगता रिकामा पेला आणू लागला आणि निवालेली कॉफी हे उठेपर्यंत उचलीत नसे.

हे सर्व त्यांनी मला होळीनंतर परत आल्यावर, याच टेबलापाशी सांगितले. मी समोरच्या पेल्याविषयी विचारले.

"एक दिवस तीही मीच प्यालो, साडूभाऊ. वाईट नाही वाटलं. मग वाईट नाही वाटलं, याचंच वाईट वाटलं."

आणि चहावाल्याकडे वळून म्हणाले, "बे आखी."

दोन पूर्ण चहा! चहावाला माझ्याकडे पाहू लागला. मी तो चहा संपवू शकलो नाही.

आता साडूभाऊ न्हाव्याकडे एकटे जातात. परवा चपलाही घेऊन आले, दोन्ही पाय स्वतःचेच वापरून. टेबलाजवळून जाताना हात करतात, कधी थांबतात, कधी नाही. पत्नी म्हणते, "बरं झालं, तुमच्या मागची कटकट गेली." माणूस सुधारला, हे मी नाकारीत नाही. सुधारणेविरुद्ध कोणत्या कलमाखाली अर्ज करावा, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ठाऊक नाही. येत्या दिवाळीनंतर ते पुन्हा तिकडेच निघाले आहेत आणि लेक म्हणते, या वेळी लवकर सोडायची नाही. मी विचारले, "फिराल कोणाबरोबर?" हसून म्हणाले, "एखला. आते जमस."

सबब सदर शहरास नम्र विनंती की, माझ्या साडूंना एकट्याने चालण्यास शिकवले, ते शिकवलेलेच राहू द्यावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र काळ्या कोटातल्या त्या वेटरने यंदा एकदा तरी, कोणी न मागता, रिकामा पेला त्यांच्यापुढे ठेवावा. आणि त्यानंतर काय घडले, ते मला कळवण्याची कृपा व्हावी.

उत्तर येईपर्यंत मी रोज चार वाजता एक आखी आणि दोन पेले मागवीत राहीन. दुसरा पेला निवतो. तो मी अद्याप प्यालेलो नाही.