उलटं हक्कसोडपत्र

आमच्या नातेवाइकांत मी दानशूर म्हणून ओळखला जातो. हे मी नाही सांगत, माझी मावशी सांगते, आणि ती एकदा सांगायला लागली की ताटातलं वरण थंड होतं. गोष्ट खोटी नाही. कागदावर आहे, त्यावर सरकारी शिक्का आहे. ती का घडली, एवढंच फक्त दोघांना माहीत होतं: मला आणि माझ्या बायकोला.

बाबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं आमचं घर, म्हणजे दोन खोल्या, मागे एक कोठी आणि वर कपडे वाळवण्यापुरती गच्ची, माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या नावावर अर्धं अर्धं आलं. अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली आहे. बहीण हक्कसोडपत्रावर सही करून आपला वाटा भावाला सोडते, भाऊ तिला साडी घेतो आणि दोघंही थोडं रडतात. बहीण त्या तयारीनंच आली होती. पर्समध्ये आधार कार्ड होतं, हातात रुमाल होता.

मी म्हटलं, "तू राहू दे. मी सही करतो. घर तुह्यं."

ती रुमाल वापरायचाच विसरली. मावशीनं तर माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. बहिणीचं लग्न मोडलेलं, पोरीला घेऊन ती उरल्याच्या कारखान्यांजवळ भाड्यानं राहत होती, तिथल्याच एका रोलिंग मिलच्या ऑफिसात हजेरी लिहीत होती. अशा बहिणीला भावानं आपला वाटा सोडला! मोहल्ल्यात चार दिवस दुसरा विषय नव्हता. मीही मान खाली घालून, नम्र वगैरे होऊन फिरत होतो.

आता खरं सांगतो. मला नव्या रायपूरकडे फ्लॅट घ्यायचा होता. पहिलंच घर घेणाऱ्यांना सरकार तेव्हा कर्जाच्या व्याजात सूट देत होतं. त्यासाठी शपथपत्र लागायचं की माझ्या, बायकोच्या किंवा लेकरांच्या नावानं देशात कुठंही पक्कं घर नाही. अर्धं घरही घरच धरतात, असं ऑफिसातल्या एका जाणकारानं मला सांगितलं. म्हणून मी अर्धं घर सोडलं आणि आठवड्याभरानं शपथेवर बेघर झालो. घराच्या किल्ल्या मात्र खिशातच होत्या.

बायको तेव्हा म्हणाली होती, "अहो, तिले निदान सांगून तं द्या काहून दिलं ते." मी म्हटलं, सांगतो. अजून सांगतोच आहे.

घर नुसतं कागदावर तिचं झालं. तिथं भाडेकरू मी ठेवला, भाडं मी घेतलं, कोठीत माझं जुनं कूलर आणि मुलांच्या सायकली ठेवल्या. बहिणीनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. "दादानं देलं हेच लय झालं, कारभार त्याचाच," असं ती लोकांना सांगायची. भाऊबीजेला ती मला ओवाळायची आणि मी तिच्याच घराच्या भाड्यातून घेतलेली साडी तिच्या ताटात ठेवायचो. साडी चांगली असायची, त्यात मी कंजुषी केली नाही. माणूस आपल्या बाजूनं काय काय मोजत बसतो!

अशी आठ वर्षं गेली. मग एका रविवारी बहीण आणि भाची घरी आल्या. बहिणीच्या हातात प्लास्टिकची फाईल होती, आणि तिचा चेहरा मी फार दिवसांनी इतका उजळलेला पाहिला.

"दादा, फ्लॅट पाहिला मी. दुसरा माळा. खिडकी उघडली की कारखान्याची चिमणी दिसत नाही, झाड दिसते!"

उरल्याला सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी काजळीत बोटानं नाव लिहिता येतं. भाचीचा खोकला कधी जातच नाही. तिला आपण मराठीत बोललो तरी ती उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, "मामा, मम्मी ने सब भर दिया है. वो पहला घर वाली योजना फिर से आई है ना, उसी में. बिल्डर ने महीने के आख़िर तक रोक के रखा है."

"तू चाल ना बँकेत," बहीण म्हणाली. "तुले सगळं माहीत आहे. तू तं घेतलाच आहे या योजनेतून."

मी चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. अर्ज करताना काय काय विचारतात, हे या घरात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हव, चालू ना."

बँकेतली मुलगी गोड होती. कागद पाहून झाल्यावर ती म्हणाली, "बस दीदी, ये शपथपत्र. आपके नाम पर कहीं पक्का मकान तो नहीं है ना?"

"है ना," बहीण म्हणाली. "ब्राह्मणपारा में. मेरे भैया ने दिया है." आणि तिनं माझ्याकडे हात केला, लग्नात व्याह्यांना पाहुणा दाखवतात तसा.

त्या मुलीनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "ऐसे भाई कहाँ मिलते हैं!" मग तिनं फाईल हळूच मिटली. "लेकिन दीदी, फिर तो योजना में नहीं बैठेगा. बिना छूट के किस्त बहुत बढ़ जाएगी, आपकी सैलरी में लोन ही नहीं निकलेगा."

बहिणीला आधी कळलंच नाही. मी वाकून तिच्या कानाशी पुटपुटलो, "नाही म्हणून लिहून दे. कोण पाहून राहिलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाणेरडं बोललो होतो. "तू देलं अन् मी लिहू, माह्याजवळ काही नाही? असं कसं लिहू रे दादा?"

बाहेर चहाच्या ठेल्यावर ती बसली होती. फाईल मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. मला ते बघवेना, आणि बघवेना म्हणून मी माझी हुशारी काढली.

"एक रस्ता आहे. तू ते घर माह्या नावानं करून दे. बक्षीसपत्र. रजिस्ट्रीत एका दिवसाचं काम. मंग आठेक दिवसानं नवा अर्ज दे. तेव्हा तुह्या नावानं घरच नसंन, तं खोटं कुठून आलं? फक्त दोन्ही तारखा एकाच आठवड्यातल्या नको दिसायला, एवढं सांभाळावं लागते."

मी अगदी उत्साहानं सांगत होतो. तारखेचा मुद्दा तर बोटं मोजून सांगितला. तिनं कप खाली ठेवला.

"तुले एवढं बारीक कसं माहीत रे?"

मी म्हणालो, "ऑफिसात लोक सांगतात."

"तू फ्लॅटचा अर्ज कधी देला होता?"

मी ठेल्यावरची बिस्किटांची बरणी पाहत राहिलो.

"दादा, मी इचारून राहिली. बाबाच्या घरावर सही केली, त्याच्यानंतर किती दिवसानं?"

"आठ," मी म्हणालो.

मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मला समजावता आलं असतं, मी त्यात तरबेज आहे. ती रडली नाही. बोलली तेव्हा आवाज ऑफिसात हजेरी विचारतात तसा होता.

"म्हणजे तू मले घर देलं नव्हतं. ठेवाले देलं होतं."

"तसं नाही ना..."

"मंग कसं?"

मी चहाचे पैसे द्यायला खिसा चाचपू लागलो.

"मी सही नाही करत," ती म्हणाली. "कागदावर माह्यं आहे, तं माह्यंच राहू दे. फ्लॅट गेला तं गेला. भाडेकरूले सांग, दोन महिन्यात खाली करा म्हणा. नाही, तू नको सांगू. मीच सांगते. किल्ल्या दे."

मी जुडग्यातून दोन किल्ल्या काढायला लागलो. कडी घट्ट होती, नख मोडलं. तिनं मदत केली नाही.

दोन महिन्यांनी ती भाचीला घेऊन तिथं राहायला गेली. आता रोज ऑटो बदलत उरल्याला जाते, सकाळी लवकर निघते. झाड दिसणारा फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला. भाचीचा खोकला मात्र कमी झाला म्हणे. हे मला बायकोकडून कळलं, बहिणीकडून नाही. मावशीला तिनं काही सांगितलेलं नाही. मावशी अजून माझी गोष्ट सांगते, आणि बहीण समोर बसून पोळ्या वाढत असते. तिथंच खरं काय ते सांगून टाकावं असं मला दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी अजून एक पोळी घेतो.

गेल्या महिन्यात कोठीतलं कूलर आणि सायकली आणायला गेलो. सवयीनं सरळ आत शिरलो. घरात नवा चुना, पडदे, बाबांच्या खुर्चीवर भाचीची पुस्तकं. बहिणीनं पाणी दिलं, चहा दिला, कूलर उचलताना एका बाजूनं धरलंही. दोघांनी मिळून ते रिक्षात चढवलं. मी बसणार, तेवढ्यात ती दारातून म्हणाली,

"दादा, पुढच्या वेळी येशील तं आधी फोन करून ये."

"हव," मी म्हणालो.