कूलरवाल्याचं गृहकर्ज

"काही खरं नाई, ताई."

हे म्हणताना आमचे कूलरवाले उजव्या हाताचा तळवा उलटा करून असा झटकायचे, की वाटावं बोटांवरचं पाणी उडवताहेत. धंदा कसा चाललाय, असं कोणीही विचारलं की आधी तो हात हलायचा, मग वाक्य यायचं. मे महिना, दुकानासमोर कूलरची रांग थेट रस्त्यावर आलेली, मालवाहू ऑटो ताटकळत उभे, कोणीतरी "माझा आजच देतो म्हणाले होते" म्हणून गळा काढतंय, आणि हे गृहस्थ घाम पुसत मला सांगताहेत, "यंदा काही खरं नाई." असा एखादा दुकानदार तुमच्याही ओळखीत असेल. तुम्ही हसून सोडून देत असाल. मला ते परवडत नव्हतं, कारण या माणसाचं आयकराचं रिटर्न मी भरत होते.

अमरावतीत माझं छोटं ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर. बरोबर त्याखाली यांचं दुकान होतं. उन्हाळ्यात कूलर, लग्नसराईत पत्र्याच्या पेट्या, एरवी धान्याच्या कोठ्या. दिवसभर पत्र्यावर हातोडा चालायचा आणि माझ्या टेबलावरचे पेन थरथरायचे. मूळचे ते अकोल्याचे. अमरावतीकरांनी उन्हाची तक्रार केली की त्यांना हसू यायचं. "हे काय ऊन हाय? आमच्या अकोल्याचं ऊन पाहा एकदा, इथं स्वेटर घालसान." कूलर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकासमोर तरी असं बोलू नये, हेही मलाच सांगावं लागायचं.

दर जुलैमध्ये ते चुरगळलेल्या पावत्यांची पिशवी घेऊन वर यायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. विक्री किती झाली विचारलं की छताकडे बघायचे. "लिहा ना काही. कमीच लिहा." मी म्हणायची, "अहो, उद्या घरासाठी कर्ज लागलं तर बँक हाच कागद बघेल." त्यावर ते दुखावल्यासारखे म्हणायचे, "कर्ज? आपुन कोणाच्या दारात जात नाई, ताई." मोबाइलवरून पैसे घ्या, खात्यात जमा दिसू द्या, म्हणून मी इतकी मागे लागले, की शेवटी त्यांनी तो चौकोनी कोडचा फलक आणला. आणि चिकटवला कुठे, तर शटरच्या आतल्या बाजूला. शटर वर गेलं की फलकही वर गुंडाळला जायचा. दुकान बंद असेल तेव्हाच काय तो आतून दिसायचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांचं बिऱ्हाड दुकानाच्या मागेच होतं. भाड्याची एक खोली, वर पत्रा. अमरावतीच्या मे महिन्यात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. खोलीत एक कूलर असायचा, पण तो कधी असायचा, कधी नसायचा. कारण सीझनमध्ये दुकानातला माल संपला आणि कोणी तान्हं पोर घेऊन दारात उभं राहिलं, की हे घरातलाच कूलर काढून द्यायचे. "दोन दिवसांत दुसरा बनवतो," असं बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सांगायचे, आणि तो दुसराही विकला जायचा. वहिनी बोलायच्या, भांडायच्या, मग पदर ओला करून डोक्यावर घ्यायच्या.

एका मेमध्ये असाच घरचा कूलर गेला होता. भर दुपारी पोळ्या लाटता लाटता वहिनी कोसळल्या. मी वरून धावत आले तेव्हा हे त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते आणि एकटेच बडबडत होते. दवाखान्यात काही दिवस काढले. त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यांना आता उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवायचं नाही. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

दवाखान्यातून आल्यावर ते वर आले. त्या दिवशी हात झटकला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, घर घ्याचं हाय. स्लॅबचं."

आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी पगारपत्रक मागितलं. हे अभिमानानं म्हणाले, "मी कोणाचा नोकर नाई, साहेब." साहेबांनी मग रिटर्नं बघितली आणि कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली. वर्षानुवर्षं "कमीच लिहा" म्हणून जे उत्पन्न या माणसानं स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं, त्यावर घर नाही, घराचं न्हाणीघर आलं असतं. बाहेर आल्यावर ते मलाच विचारतात, "ताई, मांगची रिटर्नं आता वाढवून भेटतीन का?" रस्त्यात उभं राहून मी त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढची दोन वर्षं त्यांनी खरी विक्री सांगितली, खरा कर भरला. प्रत्येक वेळी दाढ उपटल्यासारखा चेहरा केला, पण भरला. कोडचा फलक शटरच्या आतून निघून बाहेर खांबावर आला. उन्हाळ्यात वहिनी अंजनगाव सुर्जीला माहेरी जायच्या. पाडवा झाला की जायच्या, पाऊस पडला की यायच्या. माहेरात भावजय तोंडावर काही बोलत नसे, पण भांडी जरा जोरात ठेवत असे, असं वहिनीच मला म्हणाल्या होत्या. "किती वर्सं जाव लागन असं, ताई?" असं त्या दर पाडव्याला निघताना विचारायच्या.

तिसऱ्या वर्षी घर सापडलं. बडनेऱ्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं, वर पक्का स्लॅब. घरमालक निवृत्त मास्तर, मुलाकडे अकोल्याला राहायला निघालेले. त्यांनी इसार घेतला आणि बजावलं, "अक्षय तृतीयेपर्यंत रजिस्ट्री झाली पाहिजे. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे आणि इसार परत मिळणार नाही." मी फाइल बनवली. माझ्या हातून इतकी देखणी फाइल आजवर झालेली नाही. फक्त बँकेचा माणूस दुकान बघून जायचा बाकी होता. नोकरदाराच्या घरी बँक फोन करते, धंदेवाल्याच्या दारात माणूस पाठवते. तो न सांगता येतो, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या कूलरवाल्याला पढवून ठेवावं लागेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मार्चअखेरीला तो अधिकारी आला तेव्हा मी तिवस्याला एका कामात होते. परतले तर हे खुशीत. "ताई, साहेब येऊन गेले. लय चांगला माणूस. उसाचा रस पाजला त्यायले."

काही दिवसांनी बँकेनं अर्ज नामंजूर केला. कारण लिहिलं होतं, अर्जदाराच्या व्यवसायाला भवितव्य नाही.

मी तडक खाली गेले. "त्यांनी काय विचारलं होतं तुम्हाला?"

"धंदा कसा काय, असं इचारलं."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलं, काही खरं नाई, साहेब. लोकं आता एसी घेऊन राहिले. दोन-तीन वर्सांत दुकान बंदच कराव लागन." आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "काहून, काय झालं?"

"अहो, काय झालं? तुमच्या मागे तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं ना?"

"होतं ना. गंज होतं, रांगच लागली होती."

"मग खरं सांगायचं ना!"

"ताई, धंदा कसा म्हणल्यावर खरं कोण सांगते? अन् सरकारी मानूस आला का रडाव लागते. तवा कुठं काही भेटते. मले वाटलं, गरीब हाय म्हणून लवकर देतीन."

रागानं मला रडू आलं. दोन वर्षं एकेका रुपयाचा पुरावा मी गोळा केला होता, आणि या माणसानं उसाचा रस पाजून तो एका वाक्यात धुऊन टाकला होता. वाईट याचं, की त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. राशन असो, अनुदान असो, आजवर कुठलाही साहेब त्यांच्या दारी आला तो त्यांची गरिबी बघायलाच आला होता. कमाई बघायला आलेला हा पहिलाच. नाही मिळणार म्हटल्यावर ते मटकन पेटीवर बसले. "म्हणजे इला यंदाही अंजनगावलेच ठेवाव लागन?" एवढंच विचारलं आणि बराच वेळ पत्र्याच्या तुकड्याशी खेळत राहिले.

मी शाखा व्यवस्थापकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. अखेर ते म्हणाले, "ठीक आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. पण शेवटचं."

मग शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी मी बँकेची बाई व्हायची आणि विचारायची, "धंदा कसा आहे?"

"धंदा... तसा बरा हाय."

"तसा नाही. बरा नाही. चांगला आहे म्हणा."

"चांगला... म्हणजे आता पाहा, पोटापुरता..."

"पोट मध्ये आणू नका!"

"ताई, तोंडातून निंगतच नाई ना थे. आमच्या घरी कोणी असं बोलतच नाई. कोठी भरून जवारी झाली तरी बाप म्हने, खाण्यापुरती झाली. चांगलं म्हणलं का नजर लागते. अन् मी एकदाच मनात म्हणलं होतं, यंदा सीझन मस्त हाय. त्याच हप्त्यात ही घरात पडली."

पण अक्षय तृतीया जवळ येत होती, म्हणून मी पुन्हा विचारलं, "धंदा कसा आहे?" आणि ते पुन्हा अडकले.

अंजनगावला फोन मीच केला. चिडून केला, खरं सांगते. म्हटलं, निदान बायकोच्या धाकानं तरी बोलतील. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं, भावाला न सांगता, तळपत्या उन्हात येऊन उतरल्या. मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. पत्र्याखालच्या त्याच खोलीत त्या ठाण मांडून बसल्या.

या खेपेला बँकेच्या मॅडम आल्या. मध्यमवयीन, शांत, हातात पॅड. मी मुद्दाम दुकानात स्टूल टाकून बसलेली. त्यांनी इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तो प्रश्न विचारला, "धंदा कसा चालतो?"

आमच्या कूलरवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. हात वर जायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

"धंदा?" मागून आवाज आला. वहिनी खोलीच्या दारात उभ्या होत्या. "धंद्याचं नाव नका काढू माह्यासमोर, मॅडम! होळी झाली का हा मानूस घरचा राहत नाई. पोळी तोंडात अन् हात पत्र्यावर. माह्या भावाचं लगन होतं, हा हळदीले नाई आला. काहून, तं कूलर द्याचे होते! गिऱ्हाईक थेट चुलीपाशी येते. पाऊस पडला, म्हणलं आता बसन घरी, तं पेट्या. पेट्या झाल्या का कोठ्या. दर्शनाले मोझरीले नेतो, मोझरीले नेतो म्हणते, इथून तासाचा रस्ता नाई, अजून नेलं नाई!"

"अवं, चूप ना," हे पुटपुटले.

"काहून चूप? मॅडमनं इचारलं ना? घरातला कूलरही इकून टाकते हा, मॅडम. माह्या डोक्यावरचा वारा इकते!"

मॅडमनी पेन थांबवलं. "म्हणजे बारा महिने काम असतं यांना?"

"तेरावा असता तं तेरावाही केलं असतं!"

मॅडम काहीतरी लिहीत राहिल्या. आमचे कूलरवाले चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून उभे होते. जन्मभर लपवलेली गोष्ट बायकोनं चारचौघांत फोडली होती. वहिनींना मात्र थांबवणं कठीण होतं. मॅडम गाडीवर बसेपर्यंत त्या सांगतच होत्या.

कर्ज मंजूर झालं. रजिस्ट्री अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी झाली. दुकानही त्यांनी तिकडेच, घराच्या अंगणात हलवलं. आता माझ्या ऑफिसखाली मोबाइलची कव्हरं विकतात. पेन थरथरत नाहीत आणि फोनवर ओरडावं लागत नाही. हे मला आवडेल असं वाटलं होतं.

दुकानाचा नवा पत्ता बँकेला कळवायचा होता. सह्या करायला या म्हणून मी फोनवर फोन केले, हे आले नाहीत. शेवटी भर मेमध्ये, दुपारी, मीच ऑटो करून निघाले. काय काय सुनवायचं ते रस्त्यात ठरवत गेले. सीझन ऐन भरात होता, तिथे ठोकाठोक चालू असेल, म्हणजे आवाजही चढवावा लागणार होता.

पोहोचले तर सगळं सामसूम. अर्धे झालेले कूलर अंगणात पडलेले. कडुनिंबाखाली तीन-चार गिऱ्हाइकं शाळेतल्या मुलांसारखी गुपचूप बसलेली. आणि हे उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून. मी तोंड उघडलं तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी वाकून आत पाहिलं. वहिनी नुसत्या फरशीवर, खाली चटईसुद्धा न घेता, एका कुशीवर झोपल्या होत्या. पायाशी कूलर चालू होता. पदर कोरडा होता.

"दुपारची कधी झोपतच नव्हती, ताई," ते कुजबुजले. "आता झोपून राहिली."

एका गिऱ्हाइकानं घड्याळ दाखवत खुणेनं विचारलं. त्यांनी तितक्याच हळू सांगितलं, "चार वाजता या, भाऊ." तो उठला, उन्हातून चालू लागला, आणि त्याच्यामागे बाकीचेही उठले. भर सीझनचं गिऱ्हाईक परत जात होतं आणि हे त्याच्याकडे बघतही नव्हते. मी फाइल मांडीवर घेऊन अंगणातल्या उलट्या टबवर बसले, वहिनींना जाग येईपर्यंत.